सगळी इंजिनं एका सुरात

मेहुणेबुवांस भावोजींचे आशीर्वाद. न मागता दिलेले आहेत, तेव्हा परत करू नयेत.

आपण सहकुटुंब खुशाल असाल असं धरून चालतो. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? मागच्या खेपेला जिना उतरताना तुम्ही एक पाय टाकत होता आणि दुसरा विचार करून टाकत होता, ते मी पाहिलं होतं, बोललो नाही. (बोललो नाही, कारण तुम्हाला तेल लावा म्हटलं की तुम्ही डॉक्टरकडे जाता, आणि डॉक्टर तुम्हाला तेल लावायला सांगतो.) सौभाग्यवतींना आशीर्वाद. मुलांना अभ्यास करायला सांगा, पण फार नको. मी स्वतः चौथीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही, आणि तरी या किनाऱ्यावर डिझेल इंजिनाचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आकृत्यांसकट वाचलेला मी एकटाच माणूस आहे. ते पुस्तक दुसऱ्याच कंपनीच्या इंजिनाचं होतं हा भाग वेगळा. तत्त्व सगळीकडे एकच असतं.

पत्रास कारण की, आई (तुमच्या जन्मदात्या, माझ्या सासूबाई) तुमच्याकडे कायमच्या राहायला यायचं म्हणत आहेत. येत्या सोमवारच्या बसनं. ट्रंक माळ्यावरून खाली आली आहे आणि पुसून झाली आहे. तुमची ताई त्यांना सोडायला येणार, आणि आईचं बस्तान बसेपर्यंत तिथेच राहणार. बस्तान बसायला साधारण किती दिवस लागतात असं मी सहज विचारलं, तर ताईनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी उठून बाहेर ओढून ठेवलेल्या होडीकडे गेलो. (होडीचं माझ्याकडे काही काम नव्हतं.) मला स्वतःला या सगळ्याचं सुखदुःख काही नाही. माणसानं जिथं बरं वाटेल तिथं राहावं, या मताचा मी आहे. फक्त घडलं कसं ते क्रमानं लिहून ठेवतो, कारण आई आल्या की त्यांच्या बाजूनं तुम्हाला कळेलच, आणि त्यांच्या बाजूत तपशील कमी आणि मी जास्त असतो.

तुम्ही इथून जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा आधी भूगोलाची आठवण करून देतो. गावापुढे समुद्रात घुसलेला तो काळा कडा अजून तिथेच आहे. बोटी त्याला वळसा घालून येतात, त्यामुळे धक्क्याच्या अगदी तोंडाशी येईपर्यंत बोट दिसत नाही. आवाज मात्र कड्यावर आपटून बराच आधी गावात शिरतो. म्हणजे आपल्याकडे बोट आधी ऐकू येते आणि मग दिसते. बाहेरच्या माणसाला याची गंमत वाटते, पण गावाचा सगळा व्यवहार त्यावर चालतो. 'उचकी' ही बोट बारीक मासळी आणते, आणि ती लगेच नरम पडते. म्हणून उचकीचा आवाज आला की बर्फवाला लाद्या फोडून चुरा करायला घेतो. 'उखळ' लांबवर जाते आणि मोठा मासा आणते. त्याला अख्ख्या लाद्या लागतात, म्हणून उखळ ऐकू आली की बर्फवाला हातोडा खाली ठेवून सिगरेट पेटवतो. 'दमेकरी' काय आणेल हे दमेकरीच्या मालकालाही ठाऊक नसतं, पण ती नेहमी सगळ्यांच्या मागून येते, त्यामुळे तिची धाप ऐकू आली की ट्रकवाला केबिनमध्ये उठून बसतो, तोंडावर पाणी मारतो आणि माल चढवायला सांगतो. गावाबाहेर जाणारा रस्ता एक, ट्रक एक, आणि ट्रकवाल्याची झोप गाढ. इतरही बोटी आहेत, पण सगळ्यांचं लिहीत बसलो तर सोमवार उजाडेल. बोटींच्या कपाळावर रंगवलेली नावं वेगळी आहेत, ती फक्त बंदरखात्याला माहीत.

आणि या सगळ्या ऐकण्यात सगळ्यांच्या पुढे आई. दिसायचं कमी झाल्यापासून त्या पुढच्या खोलीत कड्याकडच्या खिडकीशी बसतात. दुपारी शेजारपाजारच्या बायका त्या खोलीत पत्ते खेळायला जमतात. (घरोघरच्या नवऱ्यांना हे ठाऊक नव्हतं. आता आहे. ते पुढे येईलच.) बाकीच्यांना नुसता वारा ऐकू येत असताना आई मान न वळवता म्हणतात, "उचकी." की उचकीवाल्याची बायको हातातले पत्ते पालथे टाकते, घरी जाते, स्टोव्ह पेटवते, पाणी तापत ठेवते, आणि नवरा दारात येतो तेव्हा दिवसभर त्याचीच वाट पाहत असल्यासारखी चौकटीला टेकून उभी असते. बर्फाचं गोदाम आमच्या खिडकीखालीच आहे. बर्फ फोडून फोडून बर्फवाल्याचे कान कामातून गेलेले, त्यामुळे तोही वर पाहून विचारतो, "आई, फोडू का?" आणि आई हात हलवून हो किंवा नाही सांगतात. पगार नाही, हुद्दा नाही, पण त्या खिडकीतून आई अख्खा धक्का चालवत होत्या म्हटलं तरी चालेल. माझ्याविषयी त्यांचं मत तुम्हाला माहीतच आहे. "जावई उघडतो चांगलं," एवढंच त्या म्हणतात. बंद करण्याविषयी त्या बोलत नाहीत.

आता दुरुस्तीकडे येतो. वादळी महिन्यांत बोटी वर ओढलेल्या असतात, त्या काळात मी एकेक इंजिन घेतो. आजवर मी एका बोटीचं काढून दुसरीला, दुसरीचं ठोकून तिसरीला आणि तिसरीचं तारेनं बांधून पुन्हा पहिलीला असं करत आलो. यंदा मच्छीमार सोसायटीच्या चेअरमननी (त्यांची स्वतःची बोट नाही, म्हणूनच ते दर वेळी बिनविरोध निवडून येतात) शहरातून नव्या भागांचं एक मोठं खोकं आणलं. एकाच बनावटीचे सायलेन्सर, एकाच बनावटीची नोझलं, इंजिनाखाली बसवायचे एकाच बनावटीचे रबर. एकदम घेतलं की स्वस्त पडतं, हे चेअरमनना कळतं आणि त्यापलीकडचं फारसं कळत नाही. खोक्याबरोबर विक्रेत्याचा माणूस आला होता. त्यानं बोटींच्या रांगेतून एक फेरी मारली, उचकीचं इंजिन चालू करून ऐकलं, दमेकरीचं ऐकलं, आणि हसून म्हणाला, "मिस्त्री, तुमच्याकडे इंजिनं नाहीत, पेशंट आहेत." मीही हसलो. पण जेवलो नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी जे काम काढलं, तसं काम या किनाऱ्यावर पूर्वी झालेलं नाही, आणि आता जे वातावरण आहे ते पाहता पुढेही कोणी होऊ देणार नाही. उचकी का उचकी देते? तर तिचं नोझल झिजून मधूनच डिझेलचा थेंब गाळतं, आणि इंजिनाचा एक ठोका चुकतो. नोझल बदललं. दमेकरीला धाप का लागते? तर तिच्या सायलेन्सरला पोटात चीर. सायलेन्सर बदलला. उखळ कांडल्यासारखी का वाजते? तर खालचा रबर कुजून इंजिन लाकडावर बसलेलं. रबर बदलला. एवढ्यावर थांबलो असतो तर मी आणि दुसरा कोणी मिस्त्री यांत फरक काय राहिला? लोखंडी सळईचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं माझ्या कानाला लावून मी प्रत्येक इंजिन बाकीच्यांशी जुळवत गेलो. एकाचा वेग किंचित जास्त, कमी कर. दुसऱ्याचा ठोका किंचित जड, हलका कर. शेवटी सगळ्या बोटी ओळीनं चालू करून उभा राहिलो. एक इंजिन चालू आहे की सगळी, हे डोळे मिटून सांगता येईना. मी डोळे मिटूनच उभा होतो. चेअरमन म्हणाले, "मिस्त्री, झोप लागली काय?" घरी आलो तर आईंनी विचारलं, तिकडे काय चाललं होतं. म्हटलं, सगळ्या बोटी बऱ्या झाल्या. त्या काही बोलल्या नाहीत. मी ते कौतुक समजलो.

काढलेले जुने भाग पोत्यात भरून नेहमीप्रमाणे तुमच्या दुकानी पाठवून दिले. (चारचौघांत मी त्याला जुन्या मालाचं दुकान म्हणतो, भंगाराचं म्हणत नाही, हे तुमच्या कानावर असावं.) आता जो तो म्हणतो, आम्हाला वाटलंच होतं. तसं कोणालाही वाटलेलं नव्हतं. ज्याचा जन्म आवाजावरून बोटी ओळखण्यात गेला त्या अख्ख्या गावानं आपले आवाज माझ्या हातानं काढून घेतले, खोकं रिकामं करायला मदत केली, आणि एकालाही शंका आली नाही.

मोसमाचा पहिला दिवस. मी धुतलेला शर्ट घालून धक्क्यावर उभा होतो. कड्यामागून आवाज आला. इतका गोल, इतका स्वच्छ, की माझ्या शेजारी जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्यानंही मान वर केली. तो म्हणाला, "कोणी परकी बोट दिसते." घरात त्याच वेळी काय झालं ते मला ताईनं नंतर सांगितलं. आईंनी नाव घ्यायला हात वर केला आणि तो तसाच वर राहिला. बायका पत्ते धरून थांबल्या. "हे कोण आहे?" आईंनी विचारलं. हा प्रश्न त्या खोलीत पूर्वी कोणी कोणाला विचारलेला नव्हता. मग बराच विचार करून आई म्हणाल्या, "उखळ." उखळवाल्याची बायको घरी धावली. बर्फवाल्यानं हातोडा खाली ठेवला.

ती उचकी होती.

बारीक मासळी उन्हात, बर्फ अख्ख्या लाद्यांत, आणि बर्फवाला सिगरेट ओढतोय. चुरा होईपर्यंत मासळीनं मान टाकली. घेणाऱ्यांनी बोटानं दाबून पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि भाव असा बोलले की उचकीवाल्यानं टोपली उचलून पुन्हा बोटीत ठेवली आणि मग पुन्हा खाली आणली, कारण बोटीत ठेवून ती ताजी होणार नव्हती. पुढच्या आवाजाला आईंनी हात हलवलाच नाही. बर्फवाल्यानं घाबरून होता नव्हता तेवढा बर्फ फोडला. ती उखळ निघाली. मोठे मासे धक्क्यावर ओळीनं पडलेले आणि चुऱ्याचं पाणी त्यांच्यामधून वाट काढत समुद्राला मिळालेलं. ट्रकवाला धापेची वाट पाहत निवांत झोपला होता. कोणीतरी त्याला हलवून उठवलं, तेव्हा आपल्याला उशीर झाला अशा समजुतीनं तो दमेकरी यायच्या आत निघून गेला. दमेकरीचा माल इथेच राहिला आणि गावानं तो फुकट खाल्ला. त्याबद्दल माझे आभार कोणी मानले नाहीत.

सगळ्यांत वाईट उचकीवाल्याचं झालं. मासळीचं असं, म्हणून माणूस घरी गेला तर दाराला कुलूप. शेजारी विचारावं म्हटलं तर तिथेही कुलूप. कुलुपं पाहत पाहत तो आमच्या दारात आला, आणि आत त्याची बायको मांडी घालून, हातात पत्ते, डाव रंगात आलेला.

"हे काय चाललंय?" त्यानं विचारलं.

तिनं पत्त्यांवरून नजर न काढता विचारलं, "तुम्ही कसे आलात?"

"कसा म्हणजे? बोटीनं."

"मग तुमचा आवाज कुठाय?"

याचं उत्तर माझ्याकडे मागायचं असं ठरलं, आणि संध्याकाळी सगळे बोटमालक माझ्या शेडमध्ये जमले. मी प्रत्येकाला नवे भाग बसवलेलं इंजिन डिझेल किती कमी पितं ते समजावून सांगत होतो. ते ऐकून घेतल्यावर उचकीवाला अगदी नरमाईनं म्हणाला, "मिस्त्री, ते सगळं खरं. पण माझं बिघडवून द्या. मजुरी देतो." गेली कित्येक वर्षं मी या शेडमध्ये उभा आहे. लोक मला उशिराबद्दल बोलले, ग्रीसच्या डागांबद्दल बोलले, एकदा उरलेल्या स्क्रूंबद्दलही बोलले. (उरलेला स्क्रू म्हणजे तो जागी नको होता, असा माझा अनुभव आहे.) पण बिघडवायची मजुरी मला कोणी दाखवलेली नव्हती.

आता आईंचं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नाव घेणं सोडलं. पत्त्यांचा अड्डा उखळवाल्याच्या घरी गेला, कारण तिथून निदान धक्का दिसतो. पुढची खोली रिकामी. आई आता खिडकीकडे पाठ करून बसतात. बर्फवाला सवयीनं वर पाहून विचारतो, "आई, फोडू का?" त्या म्हणतात, "मला काय विचारतोस? जावयाला विचार." तो बिचारा खरंच माझ्याकडे येतो, आणि मला सळई लावल्याशिवाय सांगता येत नाही. मग एका जेवणाला आई म्हणाल्या, "मला लेकाकडे पोचवा. इथं आता ऐकण्यासारखं काही राहिलं नाही." मी त्या वेळी ताईला इंजिनातला दाब समजावून सांगत होतो, त्यामुळे त्या समुद्राविषयी बोलताहेत हे लक्षात यायला मला थोडा वेळ लागला. ताईच्या आधीच लक्षात आलं होतं. ती उठून ट्रंक काढायला गेली.

मी हात बांधून बसलो नाही. प्रत्येक बोटीला मी हॉर्न बसवून दिला आणि खुणा ठरवून दिल्या. उचकीनं तुटक वाजवायचा, उखळीनं लांब, दमेकरीनं लांब आणि मग तुटक. सकाळी हे सगळ्यांना पाठ होतं. दमून परत येताना उचकीवाल्यानं लांब वाजवला, मग चूक कळून तुटक वाजवला, ही खूण दमेकरीची. मागून येणाऱ्या दमेकरीवाल्याला वाटलं आपल्याला चिडवतोय, म्हणून त्यानं हॉर्नवर हात दाबून धरला तो धक्क्याला लागेपर्यंत काढला नाही. गावातली कुत्री त्या दिवशी टेकडीवर निघून गेली. मी आईंना म्हटलं, दोन दिवसांत सवय होईल, मग तुम्हाला पूर्वीपेक्षा सोपं. त्या म्हणाल्या, "ते ओरडून सांगणार आणि मी ऐकून म्हणणार. मग मी कशाला पाहिजे?" हॉर्न काढून ठेवले आहेत. शहरात कोणाला लागत असतील तर कळवावं.

मग मी मन घट्ट करून बिघाड करायला घेतला. मेहुणेबुवा, दुरुस्ती हे काम त्यामानानं सोपं आहे. बरं असण्याची तऱ्हा एकच असते, पुस्तकात लिहिलेली असते. पण उचकीची ती उचकी, वर्षानुवर्षं नोझल झिजून आलेली, ती हातानं कशी आणायची? मी नवं नोझल किंचित सैल केलं. इंजिन बंदच पडलं. घासून पाहिलं, काळा धूर आला. शेवटी कुठेतरी ठोका चुकायला लागला, तेव्हा आईंना हात धरून शेडमध्ये आणलं, स्टुलावर बसवलं आणि इंजिन चालू केलं. त्यांनी बराच वेळ ऐकलं. "ही उचकी नाही," त्या म्हणाल्या, "ढेकर आहे." पुन्हा केलं. "ही शिंक." उखळीच्या रबराखाली मी लाकडाची पाचर मारली, तर म्हणाल्या, उखळ ओली हळद कांडल्यासारखी वाजायची, ही दारावर थाप मारतेय. दमेकरीचा तर विषयच नको. सायलेन्सरला भोक पाडायला मी ड्रिल हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं. नवा कोरा सायलेन्सर होता. आईंना ड्रिलचा आवाज आला नाही, तेव्हा त्याच म्हणाल्या, "राहू द्या. तुम्हाला नाही जमायचं ते. चला, चहा टाका." परत येताना त्या माझा हात धरून चालत होत्या. वाटेत एकही टोमणा नाही. मला ते बरं वाटलं नाही, एवढं लिहून पुढे जातो.

आता तुमच्या हिताचा विचार. मी त्रयस्थ म्हणून लिहितो. तुमचं घर तिसऱ्या मजल्यावर, खाली हमरस्ता. आईंना रिकामं बसायची सवय नाही. त्या पहिल्या आठवड्यात तुमच्या गल्लीतली प्रत्येक गाडी ओळखायला लागतील, दुसऱ्या आठवड्यात कोण कधी आला आणि कोण कधी गेला ते जिन्यात सांगायला लागतील, आणि तिसऱ्या आठवड्यात तुमची स्कूटर दुकानातून निघाल्यावर कुठल्या वळणावर थांबून मग घरी येते ते जेवताना सांगतील. सौभाग्यवती समोर वाढत असतील. मी तुमची स्कूटर कुठे थांबते हे विचारत नाही, मला त्यात रस नाही. दुसरं म्हणजे ताई. ती तुमच्याकडे आली की तुमच्या स्वयंपाकघरातले डबे एका ओळीत लावेल, आणि ते ज्यांनी आधी लावले होते त्यांना ते आवडणार नाही. तिसरं म्हणजे मी. मी इथे अगदी मजेत राहीन. मला भात करता येतो. एकदा केला आहे.

असो. पत्र फार लांबलं. तुमचा माणसांना नाही म्हणण्याचा स्वभाव नाही, याची मला कल्पना आहे. तरी दुकानावर गिऱ्हाइकाला जसं 'पुढच्या महिन्यात या' म्हणता, तसं घरच्या माणसाला एखाद वेळेस म्हणायला हरकत नसावी. आई आल्याच तर त्यांना खिडकीजवळची जागा द्या, आणि खिडकी बंद करू नका, धूळ येते म्हणून.

आपला,
भावोजी

ता. क. मुद्द्याचं लिहायचं राहिलं. मी पाठवलेलं पोतं तुम्ही वितळवायला पुढे धाडलं नसेल तर हे पत्र आणणाऱ्या ट्रकवाल्याबरोबरच परत पाठवा. सगळं. निवडत बसू नका. मुख्य म्हणजे काही पुसू नका, गंज तर मुळीच काढू नका, त्या गंजाची मला गरज आहे. उचकीचं जुनं नोझल हाताला लागलं तर ते वेगळं कापडात बांधून द्या. आणि पोतं पुढे गेलं असेल तर कुठे गेलं ते कळवा, मी जाऊन आणतो. काही झालं तरी सोमवारच्या आत.

ता. क. दुसरा. वर मला सुखदुःख काही नाही असं लिहिलं आहे. ट्रंकेची कडी नादुरुस्त होती म्हणून ताईनं ती माझ्याकडे दिली. मी ती उघडून ठेवली आहे. आतले भाग टेबलावर आहेत. ती सोमवारपर्यंत बंद होईल असं मला वाटत नाही.

ता. क. तिसरा. ट्रकवाला आज निघाला नाही, म्हणून पत्र घरातच राहिलं, आणि ताईनं ते आईंना वाचून दाखवलं. (मला न विचारता. दोन्ही ताज्या कलमांसकट.) आईंनी तुमच्यासाठी निरोप सांगितला आहे. तो त्यांच्याच शब्दांत लिहावा असा ताईचा आग्रह आहे आणि ती शेजारी उभी आहे, तेव्हा लिहितो: "बाळा, पोतं पाठवू नकोस. तुझ्या भावोजीच्या हातचं काम आहे, ते किती दिवस सारखं राहणार? आज बोटी आल्या त्यांतली एक वळसा घेताना खुळखुळत होती. नवीनच आहे, पूर्वीची कुठलीच नाही. कोणाची ते अजून ओळखू येत नाही. ती ओळखेपर्यंत मला यायला जमायचं नाही. आणि एक खुळखुळली म्हणजे बाकीच्याही खुळखुळणार, तेव्हा तू माझी वाट बघत बसू नकोस."

वरील निरोपातला माझ्या कामाविषयीचा भाग मला मान्य नाही. मी प्रत्येक नट स्वतः पिळून बसवलेला आहे. त्याची खात्री करायला म्हणून आत्ता धक्क्यावर जाऊन सगळ्या बोटी पाहून आलो. दमेकरीच्या धूर जाण्याच्या नळीचा पट्टा खरोखरच सैल झाला आहे. बोटीला त्यापासून धोका काही नाही, नुसता वाजतो. कोणती बोट ते मी आईंना सांगितलेलं नाही. त्या मघापासून खिडकीकडे तोंड करून बसल्या आहेत आणि खालून बर्फवाल्यानं काही विचारलं, तर त्याला "थांब जरा" म्हणाल्या. मी जाताना नट आवळायला पाना बरोबर नेला होता. तो तसाच परत आणला.